बोर्ड चांगले होते

आमच्या हॅकेथॉनच्या, म्हणजे टीमने रात्र जागवून कोड लिहायच्या स्पर्धेच्या, फीडबॅक फॉर्ममध्ये 'हॅकेथॉनमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं?' या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय, 'एक्स्टेंशन बोर्ड'. बस, एवढंच. नाव लिहायची सक्ती आम्ही ठेवलीच नव्हती, त्यामुळे कोण ते कळायला मार्ग नाही.

बाकीचे फॉर्म ठीक आहेत. थोडं कौतुक, थोडी जजांबद्दल कुरकुर (ती असतेच, हरलेल्या टीमला जज कधी पटलाय?). पण मी सकाळपासून त्या दोन शब्दांवरच अडून बसलेय.

एवढं लागण्यासारखं काय आहे त्यात? थीम मी सुचवली. प्रॉब्लेम स्टेटमेंट्स (टीमना सोडवायला दिलेले प्रश्न) पुन्हा पुन्हा खोडून मीच लिहिली. स्पॉन्सरांच्या मागे लागले, परवानगीच्या सहीसाठी केबिनबाहेर ताटकळले. आणि इतकं सगळं करून लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर प्लग.

आता खरं सांगायचं तर बोर्डही माझेच. साधा लॅपटॉप 65 वॅटच्या चार्जरवर भागतो, पण गेमिंगवाल्यांचा अडॅप्टर 230 वॅटच्याही वर जाऊ शकतो. तसे आठ-दहा एकाच लाइनवर आले, वर साध्यांची भर पडली, की एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा स्विच) पडायला निमित्तच हवं. म्हणून कुठल्या टेबलाला भिंतीतलं कुठलं सॉकेट, हे मी आधीच शीटमध्ये मांडलं. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही, असा नियम केला. प्रत्येकावर मार्करने नंबर टाकला आणि वायर पायात येऊ नये म्हणून जमिनीवर टेप मारली. वाय-फायचंही तसंच. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो, साध्या नेटवर्कला असे 254 पत्ते मिळतात आणि प्रत्येक जण लॅपटॉप आणि फोन दोन्ही जोडतो. सव्वाशेच्या पुढे माणसं गेली की संपलं. तो पत्त्यांचा साठा आधीच वाढवून घेतला होता. त्याबद्दल फॉर्ममध्ये अवाक्षर नाही. नेट चालू असलं की ते कुणाला दिसतच नाही.

बोर्ड मात्र दिसला. पहाटे तीनला बॅटरी चार टक्क्यांवर आलेली, कोड अजून पुश (अपलोड) केलेला नाही आणि हाताशी एक मोकळा पॉइंट, लाल दिवा लागलेला. त्या क्षणी त्या पोराला माझ्या थीमचं काय घेणंदेणं?

उद्घाटनाच्या भाषणात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की 1999 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा डेव्हलपर जमले आणि तिथून 'हॅकेथॉन' हा शब्द रुळत गेला. त्या दहा जणांसाठीही कुणीतरी प्लग शोधलेच असतील. भाषण आवडल्याचं कुणीच लिहिलेलं नाही. न आवडल्याचंही नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

संध्याकाळी पुढच्या वर्षीच्या टीममधल्या एकीचा मेसेज आला. "ताई, ती बोर्डांची शीट पाठवशील का?" पाठवली. मागच्या भिंतीतल्या कुठल्या सॉकेटमधून ठिणगी उडते, तेही खाली लिहिलं. थीमची फाइलही जोडली सोबत. तिने मागितली नव्हती.