पीएस4 स्लिम: पोर्ट बदलूनही चित्र का येत नव्हतं

एचडीएमआय पोर्ट, म्हणजे टीव्हीची केबल लावायची जागा, आधीच एकदा बदललेला पीएस4 स्लिम हा गेमिंग कन्सोल दुरुस्तीसाठी समोर आला. दिवा निळा होऊन पांढऱ्यावर स्थिर होत होता, कंट्रोलर जोडला जात होता, डिस्क आत ओढली जात होती. टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. पांढरा दिवा टिकतोय म्हणजे कन्सोल बूट होतोय, तेव्हा शोध एचडीएमआयच्या वाटेवरच घ्यायचा. निळाच दिवा लुकलुकत राहून कन्सोल बंद पडत असेल, तर तपासाची दिशा वेगळी.

केबल आणि टीव्ही बदलून पाहिल्यावर मी कन्सोल सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या साध्या मेनूत, नेला. पूर्ण बंद कन्सोलचं पॉवर बटण दाबून धरायचं आणि साधारण 7 सेकंदांनी दुसरी बीप वाजली की सोडायचं. कंट्रोलर यूएसबी केबलनेच जोडावा लागतो. चित्र आलं! त्यात बारीक ठिपके चमकत होते, पण मेनू वाचता येत होता. दुसऱ्या पर्यायातून रिझोल्यूशन बदलून रीस्टार्ट केलं, तर पुन्हा पडदा काळा.

इथे बरेच जण सॉफ्टवेअरच्या मागे लागतात आणि सगळा डेटा पुसून टाकतात. तसं करू नका. एचडीएमआयमध्ये चित्र दोन-दोन तारांच्या जोड्यांवरून जातं. सेफ मोड 480पी हे कमी रिझोल्यूशन देतो, तेव्हा प्रत्येक डेटा जोडीवरून सेकंदाला सुमारे 27 कोटी बिट जातात. 1080पी, 60 फ्रेमला तोच वेग 148.5 कोटी बिट होतो, म्हणजे साडेपाच पट. जोडीतली एक तार तुटलेली असेल तर कमी वेगात उरलेल्या तारेवर कसंबसं भागतं, जास्त वेगात सिग्नल कोसळतो. सेफ मोडमध्ये ठिपके आणि नेहमीच्या मोडमध्ये काळोख, ही जोडी दिसली की मला आधी हार्डवेअरचाच संशय येतो.

कन्सोल उघडण्याआधी ब्रेकआउट बोर्ड वापरावा. एचडीएमआयच्या 19 पिना स्क्रूवर काढून देणारी ही छोटी पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. पिन 18 वर 5 व्होल्ट हवेत, ते कन्सोल पाठवतो. टीव्ही जोडल्यावर पिन 19 वर 2 व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला पाहिजे. ही हॉट प्लग लाइन टीव्हीकडून येते आणि टीव्ही जोडलाय हे कन्सोलला त्यावरूनच कळतं. पण टीव्ही हा दाब बहुधा 18 च्या 5 व्होल्टांवरूनच तयार करतो, म्हणून 18 मेली असेल तर 19 ला दोष देण्यात अर्थ नाही. पिन 15 आणि 16 वर टीव्ही आपली माहिती कळवतो. त्या शांत असताना 5 व्होल्टच्या आसपास असतात. प्रोब जपून टेकवा, 18 च्या शेजारचीच 17 ग्राउंड आहे. या कन्सोलमध्ये चारही ठीक होत्या. उरल्या चार जोड्या: डेटाच्या तीन, क्लॉकची एक.

त्यासाठी बोर्ड बाहेर काढला. वायर काढून थोडा वेळ थांबायचं, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा पिनेवर. उलट लावलं तर आकडे कामाचे नाहीत. पिना 1, 3, 4, 6, 7, 9, 10 आणि 12 तपासायच्या. मीटरवर दिसणारा आकडा बोर्ड आणि मीटरप्रमाणे बदलतो, म्हणून नेटवरचा तक्ता शोधत बसू नये. आठही आकडे एकमेकांशी जुळतात का एवढं पाहावं. सात जुळले. पिन 3 वर ओएल, म्हणजे लाइन ओपन. शून्याजवळ आकडा आला असता तर शॉर्ट.

पिन 3 ही डेटा 2 ची उणे बाजू. आरजीबीमध्ये लाल रंग याच जोडीवरून जातो.

पोर्ट आणि एन्कोडर आयसी (एचडीएमआय सिग्नल तयार करणारी चिप) यांच्या मध्ये चार पायांचे बारीक फिल्टर असतात, प्रत्येक जोडीला एक. मायक्रोस्कोपखाली डेटा 2 चा फिल्टर किंचित तिरका दिसला. एक पाय पॅडवरून, म्हणजे बोर्डावरच्या सोल्डरच्या जागेवरून, उचलला गेला होता, खाली सोल्डरिंगला वापरलेल्या, सुकलेल्या फ्लक्सचा तपकिरी थर. आयसीच्या बाजूने प्रोब लावला तर आकडा बाकी सातांसारखाच आला. आयसी निर्दोष, तुटलं मध्येच.

कारण उघड होतं. पोर्टचे चार जाड पाय बोर्डाच्या ग्राउंड थराला जोडलेले, तो थर उष्णता शोषून घेतो. बोर्ड खालून न तापवता वरून हॉट एअर मारत राहिलं की पोर्ट हलायच्या आधी शेजारचे सुटे भाग सरकतात. पोर्ट काढताना मी आधी लेडवालं (शिसं असलेलं) 63/37 सोल्डर मिसळतो. मूळ लेडफ्री सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळतं, हे 183 ला. शेजारच्या भागांवर उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप, खालून बोर्ड तापवणारा प्रीहीटर. ओढाओढ मुळीच नाही, पॅड उखडला की काम दुप्पट होतं.

फिल्टर बंद पडलेल्या त्याच मॉडेलच्या बोर्डावरून घेतला. फिल्टरच्या जागी तारेचे तुकडे टाकूनही चित्र येतं, पण दोन्ही तारा आखूड आणि सारख्याच लांबीच्या हव्यात. शिवाय नॉइज अडवणारा भाग जातो. मी तो शेवटचा उपाय मानतो.

आयसीच्या बाजूलाच आकडा बिघडलेला असता तर एन्कोडर बदलावा लागला असता. स्लिममध्ये पॅनासोनिकचा एमएन864729, पीएस5 मध्ये एमएन864739. मागवण्याआधी चिपवरचा नंबर वाचून घ्या.

हीटसिंकला नवी थर्मल पेस्ट लावून जोडणी केली. आधी सेफ मोड, यावेळी ठिपके नाहीत. मग 1080पीवर तासभर गेम, मधून मधून केबल हलक्या हाताने हलवत. शेवटी एचडीसीपी (व्हिडिओची नक्कल रोखणारं संरक्षण) चालू ठेवून एक व्हिडिओ ॲप, कारण त्याची बोलणी 15 आणि 16 वरूनच होतात.