वागळे इस्टेटमधल्या जुन्या रेस कारचा इतिहास कसा शोधला – माझा अनुभव

जुन्या गाडीबद्दल आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं, "ही गाडी रेसला पळालेली आहे." कुठे, कधी, कोण चालवत होतं हे कोणी विचारत नाही. मी घेतलेल्या गाडीबद्दलही हेच सांगितलं गेलं आणि मला ते नुसतं ऐकून सोडायचं नव्हतं, कारण खरं असेल तर ते कागदावर यायला हवं आणि खरं नसेल तर उगाच गाडीच्या गळ्यात पदक घालण्यात अर्थ नाही.

गाडी एमजी टीसी, म्हणजे एमजी या इंग्लिश कंपनीचं टीसी मॉडेल, दोन सीटची, उघडी. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मालक वारले, काकू नौपाड्यात राहतात, शेड रिकामी करून द्यायची होती आणि भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला होता. काकूंचं म्हणणं, ह्यांनी ती घेतली तीच मुळी रेसची गाडी म्हणून, शोलावरमला जिंकलेली. शोलावरम म्हणजे मद्रासजवळची जुनी विमानाची धावपट्टी, तिथे कित्येक वर्षं रेसिंग व्हायचं. पण आरसी बुक नाही, नंबर प्लेट नाही, बिल नाही, आणि चारही मडगार्ड काढलेले, त्यातले तीन माळ्यावर मिळाले.

इतिहास शोधायचं नुसतं हौसेचं कारण नव्हतं, ते आधी सांगतो. 2021 साली केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं झालेली गाडी, मूळ स्वरूपात असलेली, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठी उलथापालथ न झालेली, अशी असेल तर विंटेज म्हणून नोंद होते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, सर्टिफिकेट 10 वर्षांचं, आणि नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. पण गाडीची जुनी नोंदणी असेल तर तिचा मूळ नंबर ठेवता येतो! हे वाचलं आणि मी ठरवलं, हिचा नंबर शोधायचाच, कारण पन्नासच्या दशकात मुंबईत फिरलेल्या गाडीला आजचा नंबर लावायचा हे मला काही पटेना.

सुरुवात कागदापासून नाही केली, लोखंडापासून केली. हे मी सगळ्यांना सांगेन. माणसं विसरतात, कागद भिजतात, पण चॅसिसवर ठोकलेला आकडा तिथेच असतो. टीसीचा चॅसिस नंबर पुढच्या डाव्या बाजूला, स्प्रिंग जिथे अडकते त्या चॅसिसच्या टोकावर असतो. तिथे ग्रीस, काळा रंग आणि चिखलाचा अर्धा इंच थर होता. आमचा डेंटर सरळ ग्राइंडर घेऊन आला, त्याला म्हटलं दादा हात नको लावूस, आणि डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं, सकाळी लाकडाच्या कामटीने खरवडलं. आधी टी दिसला, मग सी, मग आकडे, एकेक करून. एक आकडा तीन की आठ कळेना, मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, आठ निघाला.

एमजीचा एक मजेशीर किस्सा आहे, पहिल्या टीसीचा नंबर 0251 आहे, एक नाही, कारण एमजीच्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर 251 होता! टीसी 1945 ते 1949 मध्ये बनली, सगळ्या मिळून साधारण 10,000, आणि सगळ्या राइट हँड ड्राइव्ह. अमेरिकेला गेलेल्या पण राइट हँडच.

मग इंजिन. ब्लॉकवर अष्टकोनी पितळी पट्टी असते, तीवर नंबर. टीसीचं इंजिन 1250 सीसीचं, एक्सपीएजी नावाचं. आमच्या पट्टीवर एक्सपीएजीच्या पुढे टीडी2 असं होतं, म्हणजे हे इंजिन टीसीचं नाहीच, तिच्यानंतर आलेल्या टीडी मॉडेलचं, त्यातही 1951 च्या मधल्या बदलानंतरचं, मोठ्या क्लचचं. आता झाली ना पंचाईत, नियम म्हणतो मूळ स्वरूप आणि इथे इंजिनच दुसरं. काही ओळखीचे म्हणाले पट्टी बदलून टाक, कोण बघतंय. मी तसलं काही करणार नव्हतो. रेसच्या गाडीत इंजिन बदललं जाणं हाच तिचा इतिहास असतो, फक्त ते कधी बदललं हे सिद्ध करायला पाहिजे.

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तेव्हा खरी हकीकत कळायला लागली. आमचे टर्नर मिस्त्री, वागळेतलेच, आयुष्य लेथवर गेलेलं, त्यांनी व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "साहेब, हे हेड घासलेलं आहे." मूळ हेडची जाडी 76.75 मिलिमीटर असते. हे भरलं 74.4 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यातले तीन भाग काढलेले. एमजी कंपनीनेच गाड्या ट्यून करायला जी माहिती छापली होती, त्यात नेमकं एवढंच घासायला सांगितलंय, त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, सव्वासातवरून 8.6 ला जातं आणि इंजिनाची ताकद वाढते. हेड वाकलं म्हणून गॅरेजवाला घासतो तेव्हा अगदी थोडंसं घासतो, इतकं मोजून कोणी घासत नाही. घासणाऱ्याने ते पुस्तक समोर ठेवून काम केलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की काकू म्हणतात त्यात तथ्य आहे.

आणि मग रंग. वरचा लाल रंग नंतरचा, घरगुती. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर हाताने गोल गोल फिरवला, मशीन नाही. लालच्या खाली राखाडी प्रायमर, त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर पिवळट पांढऱ्या गोलाची कड दिसायला लागली. थांबलो. दुसऱ्या दिवशी उजेडात बसून थोडं थोडं काढलं, तर गोलात काळ्या रंगाने ब्रशने काढलेला 27. टेपने आखलेला नाही, हाताने काढलेला, सातच्या शेवटी रंग ओघळून खाली आलेला. उजव्या बाजूला, दाराच्या पुढच्या पत्र्यावर चार रिव्हेट मारून बसवलेलं एक छोटं ठिगळ होतं, त्यातला एक रिव्हेट गायब. त्या ठिगळाचा फोटो काढून ठेवला, का ते पुढे येईल.

इंग्लंडमध्ये एमजी कार क्लब आहे, 1930 चा, त्यांचा टी मॉडेल्ससाठी वेगळा विभाग आहे. त्यांना मेल केला, चॅसिसच्या ठशाचा फोटो, पट्टीचा फोटो, सगळं जोडून. उत्तर छान आलं, गाडी 1948 ची, आणि बनली तेव्हाचा इंजिन नंबर अमुक. अर्थात आपला नाही. म्हणजे आता दोन गोष्टी पक्क्या, गाडी 1948 ची आणि इंजिन नंतर बदललेलं. आता राहिली मुंबई.

जुन्या नोंदणीचा भाग सगळ्यात दमवणारा. 1989 नंतर एमएच सिरीज आली, आपलं ठाणं 04, नवी मुंबई 43 वगैरे, त्याआधीचं सगळं मोठ्या वह्यांत. कॉम्प्युटरमध्ये गाडी सापडणारच नव्हती. पण नंबर काय हेच माहीत नाही तर वही कुठली उघडणार? नंबर सापडला तो मागच्या चौथ्या मडगार्डावर! तो मडगार्ड शेजारच्या शेडमध्ये पाण्याच्या पिंपाखाली टेकण म्हणून लावला होता, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात बीएमने सुरू होणारा नंबर लिहिलेला, कोण्या मेकॅनिकने आपल्या सोयीसाठी लिहिला असणार. एका आरटीओ ऑफिसात सांगितलं जुन्या वह्या पावसात गेल्या. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यात चॅसिस नंबर, मडगार्डाचा फोटो, काकूंचं पत्र सगळं जोडलं आणि नोंद असलेल्या पानाची प्रमाणित प्रत मागितली. मधल्या काळात एका दुसऱ्या ऑफिसातल्या रेकॉर्डच्या बाईंनी स्वतःहून फोन केला, तुमची वही मिळालीय, या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

पान पिवळं पडलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण ओळ वाचता येत होती. चॅसिस नंबर आठासकट बरोबर. पहिला मालक, माटुंग्याचा पत्ता. आणि इंजिन नंबरच्या रकान्यात जुना आकडा लाल शाईने खोडून वर नवीन लिहिलेला, टीडी2 वाला, बाजूला सही आणि तारीख, पन्नासच्या दशकातली. इंग्लंडहून आलेला इंजिन नंबर तो, जो खोडला होता. दोन देशांतले दोन कागद एकाच आकड्यावर जुळले. मी त्या टेबलासमोर उभा राहून बाईंना तीन वेळा थँक्यू म्हटलं.

माटुंग्याच्या पत्त्यावर आता टॉवर आहे, पण सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींना कुटुंब माहीत होतं, वाशीला गेलेत म्हणाले. वाशीला गेलो. पहिल्या मालकांचे धाकटे भाऊ भेटले, वय झालंय पण आवाज खणखणीत. मी म्हटलं, "आजोबा, तुमच्याकडे एमजी होती ना?" तर मला म्हणाले, "बॉनेटवर चामड्याचा पट्टा आहे का अजून?" पट्टा नव्हता, पण पट्ट्याच्या कड्या होत्या, त्या मी फोनवर दाखवल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, हे लोक आदल्या रात्री माटुंग्यालाच घरासमोर मडगार्ड उतरवायचे, पुढची काच आडवी पाडायचे, टीसीची काच बॉनेटवर सपाट पडते, आणि पहाटे त्याच गाडीत बसून जुहूला जायचे, संध्याकाळी त्याच गाडीतून घरी. वळणांवर पिंपं आणि गवताचे भारे लावलेले असायचे. आणि 27 नंबर? ते उठले आणि अल्बम घेऊन आले. फोटो तळहाताएवढा. गाडी उजव्या बाजूने, मडगार्ड नाहीत, ड्रायव्हर खाली वाकलेला, गोलात 27, आणि त्या गोलाच्या जरा पुढे भिंगातून बघितलं तर चार रिव्हेटचं ठिगळ. चारही रिव्हेट जागेवर. ते ठिगळ का मारलं ते पण कळलं, एका वळणावर पिंपाला घासली होती.

त्यानंतर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढल्या. खेळाच्या पानावर खाली बारीक अक्षरात रेसचे निकाल असतात, 1500 सीसीपर्यंतच्या गटात त्या घराण्याचं आडनाव मिळालं, गाडी एमजी, तिसरा नंबर. पानाची प्रत रीतसर मागून घेतली.

आता शोलावरम. आजोबांनी स्पष्ट सांगितलं, त्यांच्या भावाने गाडी मद्रासला कधीच नेली नाही. नंतरच्या कोणी नेली असेल तर त्याचा एकही पुरावा मला मिळालेला नाही. काकूंना सांगताना मला जड गेलं, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी कोणाकडून तरी ऐकलं असणार. जे खरं आहे तेच लिही, जुहू पण आपलंच आहे." मी फाइलमध्ये जुहू लिहिलं, तिसरा नंबर लिहिलं, आणि शोलावरमचा शब्दही घातला नाही. विकताना किंमत कमी येईल असं काही जण म्हणतात. गाडी विकायची नाहीये, आणि असती तरी हेच लिहिलं असतं.

काकूंच्या नावावर वारसाने गाडी चढवायला फॉर्म 31, मग माझ्या नावावर 29 आणि 30, हरवलेल्या आरसीसाठी 26, आणि विंटेजसाठी फॉर्म 20, इन्शुरन्ससकट. हे ज्यांना करायचंय त्यांनी क्रम चुकवू नका, वारसाचं आधी, नाहीतर पुढचं सगळं अडकतं. इंजिनाच्या मुद्द्यावर मी वेगळं पत्र जोडलंय, वहीच्या पानाची प्रत, क्लबचं पत्र, हेडच्या मापाचा फोटो, आणि बदल पन्नासच्या दशकातलाच आहे हे सरळ लिहिलंय. निर्णय राज्याच्या समितीचा. फाइल आत गेली आहे.

पेंटरला सांगितलंय की गाडी शोरूमसारखी करायची नाही. हिरवा रंग येईल, पण 27 चा तो गोल आणि ओघळलेला सात तसाच राहील, वर फक्त क्लिअर लॅकर. ठिगळ राहील. गेलेला रिव्हेट नवीन मारायचा का नाही यावर टर्नर मिस्त्री आणि मी अजून वाद घालतोय, ते म्हणतात पाणी शिरेल, मारा, आणि बहुतेक त्यांचंच बरोबर आहे.

एक विनंती. ज्यांच्या घरी आजोबा-काकांच्या अल्बममध्ये जुहूच्या रेसचे फोटो असतील त्यांनी जरा बघा, एमजी, पुढे पट्टा, 27. डाव्या बाजूचा फोटो मला अजून मिळालेला नाही, आणि त्या बाजूच्या दारावरचा रंग मी अजून घासलेला नाही.