गाडी कंपनीची का भाड्याची?

आप्पा सांगली डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, 2019 ला रिटायर झाले. कुठलीही गाडी दाखवा, आधी टायर बघणार, मग दारापाशी काय लिहिलंय ते. ऑक्टोबर 2022 मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर त्यांनी तेच केलं आणि माझी पंचाईत झाली.

मी तेव्हा एका रीजनल विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होते. त्या दिवशी बफेलोची वस्तीची फेरी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी मोकळी, नायगारा तिथून अर्ध्या तासावर. म्हणून आई-आप्पांना माझ्या पासवर त्याच विमानात घेतलं. लहानपणी आप्पांच्या पासवर आम्ही पंढरपूर, तुळजापूर केलेलं.

टर्मिनलच्या दारात मोठ्या कंपनीचे वैमानिक फलक घेऊन गोल फिरत होते. टोपीसकट पूर्ण युनिफॉर्म आणि तोंडातून शब्द नाही. आप्पा बॅग खाली ठेवून बघतच राहिले.

"संप हाय व्हय?"

म्हटलं, संप नाही, करार रखडलाय म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन उभे राहिलेत. इथं विमानवाल्यांना रेल्वे कामगारांचा 1926 चा कायदा लागू आहे. सरकारी मध्यस्थ मंडळानं मोकळं केल्याशिवाय संपाचं नाव काढता येत नाही.

"आणि घोषणा?"

"देत नाहीत."

"मुक्यांचा मोर्चा म्हण की." त्यांच्या डोक्यात अजून आदल्या हिवाळ्यातला एसटीचा संप होता. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे त्यात बडतर्फ होऊन परत कामावर आले होते.

गेटच्या काचेतून विमान दिसलं. शेपटीवर मोठ्या कंपनीचं चिन्ह, अंगभर तिचाच रंग. दाराशेजारी मात्र वीतभर जागेत, बारीक अक्षरात, आमच्या कंपनीचं नाव. आप्पांनी चष्मा पुसला.

"ही गाडी कंपनीची का भाड्याची?"

काय सांगणार! रंग त्यांचा, तिकीट त्यांचं, वेळापत्रक त्यांचं, इंधनाचा खर्चही त्यांचाच. वैमानिक, केबिन क्रू आणि देखभाल आमची. फेरीमागं ठरलेले पैसे आमच्या कंपनीला मिळतात. विमान भरलं काय, रिकामं गेलं काय.

"म्हणजे शिवशाही."

भाड्याच्या शिवशाहीत ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर एसटीचा. 2017 ला त्या गाड्या आल्या तेव्हा आप्पा दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलले नव्हते. आणि इथं त्यांचीच पोरगी ठेकेदाराची ड्रायव्हर निघाली होती.

दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नसतं. बफेलोच्या 23 नंबरच्या धावपट्टीवर उतरताना खाली क्लॅरेन्स सेंटर गाव येतं, आणि तिथं मला मनातल्या मनात गप्प राहणं कधी जमलेलं नाही. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूअर्कहून आलेलं, कोल्गन एअर या आमच्यासारख्याच रीजनल कंपनीचं 3407 नंबरचं विमान तिथल्या एका घरावर कोसळलं. वेग घटला, हातातला सुकाणूचा दांडा थरथरून इशारा देऊ लागला, आणि कॅप्टननं तो पुढं ढकलायच्या ऐवजी मागं ओढला. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जीव गेले. तिकिटांवर नाव होतं मोठ्या कंपनीचं, कॉन्टिनेंटलचं. फर्स्ट ऑफिसर ड्युटीवर येण्यासाठी आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून देश ओलांडून आली होती. मरणाऱ्यांच्या घरच्यांनी नंतर वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले. 2010 चा कायदा झाला, आणि तिकीट दाखवतानाच विमान कोण चालवणार ते सांगायची सक्ती झाली. 2013 पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारण 1,500 तासांचा अनुभव लागू लागला. ते तास भरायला मी इलिनॉयमध्ये शिकाऊ पोरांसोबत चिमुकल्या विमानात घिरट्या घातल्या आहेत. म्हणजे माझ्या नोकरीचा रस्ताच त्या घरावरून आलेला.

आम्ही व्यवस्थित उतरलो. आईनं शेजारणीला लाडू दिला होता, असं नंतर कळलं.

हॉटेलवर आप्पांनी विषय काढला. त्यांनी सीटा मोजल्या होत्या. "शहात्तर. पण कागदावर किती बसत्यात?"

"या मॉडेलमध्ये अठ्ठ्याऐंशीपर्यंत."

"मग बारा कुठं गेल्या?"

इथं त्याला स्कोप म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारातच घालून घेतलंय की बाहेरच्या कंपनीला 76 पेक्षा जास्त सीटांचं किंवा 86,000 पौंडांहून जड विमान चालवायला द्यायचं नाही. किती विमानं द्यायची, त्याचाही आकडा ठरलेला. आमचं विमान एम्ब्राएर कंपनीनं बनवलेलं; त्याची नवी, कमी इंधन पिणारी आवृत्ती त्या वजनात बसत नाही, म्हणून अमेरिकेत तिला गिऱ्हाईक नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत एम्ब्राएरनं तिचं काम थांबवलं. दुसऱ्या एका सत्तर सीटांच्या विमानातल्या सीटा काढून पन्नासच ठेवल्यात, कारण पन्नासवाली विमानं मोठ्यांच्या कोट्यात मोजत नाहीत.

आप्पा मांडीवर थाप मारून हसले. "युनियननं सीटा मोजून बांधून घेतल्या! आमच्याकडं हे कुणाला सुचलं न्हाई." मग हसू ओसरलं. "पण म्हणजे सकाळची ती माणसं तुझ्याच इरुद्ध उभी होती की गं."

हा प्रश्न मी स्वतःला चार वर्षं विचारत होते. गंमत म्हणजे संघटना एकच, 1931 सालची एअर लाइन पायलट्स असोसिएशन. त्यांच्या गळ्यातली पट्टी तीच माझ्या गळ्यात. त्यांनी सीटांची हद्द सोडली तर उद्या माझ्या कंपनीला मोठी विमानं मिळतील आणि मी लवकर कॅप्टन होईन. आणि परवा त्यांच्याकडं नोकरी मिळाली, तर तिथली माझीच कामं बाहेर गेलेली असतील. माझा अर्ज त्यांच्याकडं पडून होता, हे तोवर मी घरात सांगितलं नव्हतं. सांगितलं.

"इथली सिनिऑरिटी धरतात का?"

"नाही. तिकडं शेवटच्या नंबरापासून."

आमचे कॅप्टन लॉबीत कॉफी घेत बसले होते. 2001 साली कॉमएअर या रीजनल कंपनीत वैमानिकांचा 89 दिवसांचा संप झाला, त्यात ते होते. ती कंपनी 2012 ला बंद झाली, तेव्हा पंचेचाळिशी ओलांडून ते दुसरीकडं शेवटच्या नंबरावर लागले. एवढं सांगितल्यावर आप्पा उठले आणि भाषा नसताना जाऊन कॅप्टनशी हात मिळवून आले.

मग परत येऊन पगाराचं विचारलं. म्हटलं, ब्रेक सोडला की मीटर सुरू. गेटवर तासभर अडकलो तर तो जवळजवळ फुकट.

"स्टँडावर उभ्या गाडीचं पैसं न्हाईत?" यावर मात्र त्यांना खरा राग आला. रात्री आईला दोनदा तेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी नायगारा बघितला. आप्पा धबधब्यापेक्षा पार्किंगमधल्या बसेस जास्त वेळ बघत होते. मला संध्याकाळी पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं, त्यांना शिकागोला. त्यांचा बोर्डिंग पास हातात दिला. वर मोठ्या कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरात तिसऱ्याच एका कंपनीचं. आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आईला म्हणाले, "खिडकीची सीट तू घे. मी दारापाशी बसतो."