तुम्ही विचारलंत म्हणून: गच्ची, चिंचोके आणि एकोणिसाचा पाढा

"हृदयाचा त्रास असूनही तुम्ही लॉकडाउनमध्ये चालणे कसे सुरू ठेवलेत, आणि भीती वाटली नाही का?" हा प्रश्न मला आजही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कोणाची तरी नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असते. भीती वाटली, आणि ती दोन्ही बाजूंनी वाटली, हे आधीच सांगते.

डिसेंबर २०१९ मध्ये माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला. त्याआधीचे दोन महिने जबडा आणि पाठ दुखत होती, त्याला मी पित्त समजून ताकावर भागवत होते. त्यानंतर देखरेखीखाली चालण्याचा सराव सुरू झाला. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास चालायचे, इथवर मजल पोहोचली आणि २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलीस रस्त्यावरच उठाबशा काढायला लावत असल्याच्या चित्रफिती फोनवर फिरू लागल्या. त्यामुळे 'बाहेर' या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ उरला तो आमच्या इमारतीची गच्ची.

गच्चीची लांबी माझ्या बत्तीस पावलांची. पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायचे, कठड्यावर मांडलेल्या वीस चिंचोक्यांपैकी एक पलीकडे सरकवायचा आणि पुन्हा निघायचे. एप्रिलमध्ये शेजारणींच्या कुरडया वाळत पडल्या की वळसा मोठा होई, आणि मला ते आवडे. ऊन चढल्यावर मात्र मी पाऊलही टाकत नसे, कारण रक्तदाबाच्या गोळ्या आणि पुण्याचा उन्हाळा एकत्र आले की डोळ्यांपुढे अंधारी येते. साडेसहाच्या आत माझे चालणे आटोपलेले असे. मध्यंतरी सोसायटीने गच्चीला कुलूप लावले, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून किल्ली मिळवावी लागली. त्या आठ दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आता मुद्द्याचे. किती दमलो हे कशावरून ठरवायचे? मुलाने मनगटावर बांधायला घड्याळ दिले होते, पण मी मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेते, आणि त्या गटातली औषधे नाडीचा वेग मुळातच दाबून ठेवतात. धाप लागली तरी आकडा शहाण्यासारखा खालीच राहतो, आणि बघणाऱ्याला वाटते की सगळे ठीक आहे. डॉक्टरांनी सांगितलेली खूण साधी होती. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करायचा. गच्चीवर बोलायला कोणी नसे. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे तोंडात पाढे होते, म्हणून मी एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणू लागले. 'एकोणीस पंचे पंच्याण्णव' एका श्वासात, न तुटता आले तर वेग बरोबर. शेवटची पाच मिनिटे मी मुद्दाम रेंगाळत चालत असे, कारण एकदम थांबले की रक्त पायांत साचते आणि भोवळ येऊ शकते.

चूक केली ती बाहेर पडण्याची मुभा मिळाल्यावर. महाराष्ट्रात ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत मोकळ्या जागी चालायला परवानगी मिळाली, आणि नेमके त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. पुण्यातही झाडे पडली, म्हणून आणखी दोन दिवस मी घरातच होते. सहव्याधी असलेल्यांनी शक्यतो घरीच थांबावे, असेही सरकारी आदेशात होते. आरोग्याच्या कारणाला त्यात सूट होती, आणि चालणे हे माझे आरोग्याचेच कारण आहे, असा सोयीचा अर्थ मी लावला. तिसऱ्या दिवशी एन-९५ मास्क लावून वेताळ टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याचा पहिला चढ चढू लागले. अडीच महिने सपाट गच्चीवर चाललेली मी, आणि मोकळ्या हवेने हुरळलेली. पाढा म्हणायचा राहून गेला. अर्ध्या चढावर छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखे झाले.

मी तिथेच कुंपणाच्या कट्ट्यावर बसले, रस्ता मोकळा पाहून मास्क उतरवला आणि पर्समधली सॉर्बिट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून छातीतला दाब कमी करणारी, गोळी जिभेखाली ठेवली. ही गोळी बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत दाब ओसरला नाही तर थेट १०८ क्रमांक लावायचा, हे मला पढवलेले होते. चौथ्या मिनिटाला तो ओसरला. घरी येऊन डॉक्टरांना फोन केला, तर दुसऱ्याच दिवशी ईसीजीसाठी बोलावणे आले. दवाखान्यात गेले तर कोरोना होईल म्हणून त्या दिवसांत छातीत दुखणारी माणसेही घरी बसून राहत होती, आणि खरे सांगायचे तर मीही तासभर घुटमळले. पण गेले. ईसीजीत नवे काही निघाले नाही, औषधाची मात्रा थोडी बदलली आणि चढ महिनाभर बंद झाला.

जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी लागली तेव्हा मी गच्चीवर परतले. आता पावसात, छत्री घेऊन, शेवाळावरून जपून. हल्ली टेकडीवर जाते. चढावर पाढा म्हणणारी बाई पाहून मुले हसतात, आणि पंच्याण्णवला अडखळले की मी वाटेतल्या बाकावर बसते.