आमची वाटचाल : गावभागातल्या खोलीतून एडिसनपर्यंत

सांगलीच्या गावभागात २००९ साली आम्ही दोघा मित्रांनी भाड्याच्या खोलीत स्टुडिओ थाटला. भिंतींना आवाज शोषणारं रॉकवूल आणि गोणपाट मी लावलं, मिक्सर त्यानं आणला. भजनी मंडळं, गॅदरिंगची गाणी, दर पाच वर्षांनी निवडणुकीचा मोसम. दहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते ऑगस्ट २०१९ पासून पुढचं. आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, ती कृष्णा त्या वेळी ५७ च्या वर गेली. आमची खोली तळमजल्यावर. कंडेन्सर माईक आणि साउंड कार्ड तेवढं मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मालकांच्या माळ्यावर टाकलं. पाणी ओसरल्यावर आलो, तर मिक्सरचा एकही फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) सरकेना, सगळ्या खाचांत गाळ. पेटीचा भाता कुजला होता. रॉकवूल पाणी पिऊन भिंतीवरून लोंबत होतं. भागीदारानं दारातूनच बघितलं आणि म्हणाला, "माझं काही खरं नाही, मी मोकळा होतो." झाला मोकळा. दोन महिन्यांत सांगलीतच विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ उघडला. आमची गिऱ्हाइकांची वही माळ्यावर सुखरूप होती, तिची नक्कल त्याच्याकडे कधी गेली ते मी आजवर विचारलेलं नाही.

कर्ज काढून खोली पुन्हा उभी केली आणि मार्च २०२० ला सगळं बंद. हप्ता मात्र चालू.

एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला. ताई मूळच्या इथल्याच, हल्ली न्यू जर्सीत एडिसनला असतात. दर डिसेंबरला माहेरी आल्या की आमच्याकडे चार अभंग करून जायच्या, पुराच्या वर्षीही आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, यंदा येणं काही होत नाही. मी इथून गाते, तुम्ही तिथं बसून करा."

पहिला प्रयोग आम्ही व्हिडिओ कॉलवर केला. ताईंनी तंबोरा लावला, मला दोन सेकंद ऐकू आला आणि विरून गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ही ॲप्स बोलण्यासाठी केलेली. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं समजून ती तो पुसून टाकतात. मिरजेच्या कारागिरानं खपून जवारी (तारांचा गुंजणारा नाद) काढलेला तंबोरा आणि त्याची किंमत पंख्याइतकी!

मग रीतसर मार्ग धरला. ताईंच्या लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलं. त्याच्या मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावर, तो नेटवरून थेट ऐकवणारं लिसनटूचं प्लगइन बसवलं, लिंक माझ्याकडे. तबला-पेटीचा गाइड ट्रॅक आधीच पाठवून त्यांच्याच प्रोजेक्टमध्ये टाकलेला. त्या कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायच्या (कोट आणि साड्यांइतकं चांगलं घुमारा मारणारं ट्रीटमेंट पैसे देऊन मिळत नाही), मी इथून त्यांचा स्क्रीन हातात घेऊन रेकॉर्ड दाबायचो. टॉकबॅक, म्हणजे आपसातलं बोलणं, साध्या फोनवर. मला सगळं उशिरा ऐकू यायचं, पण गाणं आणि ठेका एकाच लॅपटॉपमधून निघालेले, त्यामुळे उशीर दोघांना सारखाच आणि लय जागेवर.

लोक विचारतात, तबलजी सांगलीत आणि गायिका अमेरिकेत, एकदम वाजवा की. नाही जमत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो आणि एडिसन इथून बारा हजारांच्या वर आहे. नुसतं जाऊन यायलाच सव्वाशे मिलिसेकंद लागले. वर केबलची वळणं आणि बफर (यंत्रं आवाज साठवून पुढे देतात तो वेळ) वेगळे. १६० च्या द्रुत लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. म्हणजे मात्रेचा तिसरा हिस्सा रस्त्यातच गेला. नेटवर एकत्र वाजवायचं निंजॅम नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ते उशीर लपवण्याऐवजी वाढवून बरोबर एका आवर्तनाचा करते. बीट्स १६ ठेवले की झाला तीनताल. आमच्या मास्तरांना ते समजावल्यावर त्यांनी तबल्यावरचे हात उचलले. "म्हणजे मी वाजवायचं आत्ता आणि बाईंनी गायचं माझ्या मागच्या आवर्तनावर? आणि तिहाई घेतली तर ती कुणाची?" तो विषय तिथंच संपला.

नोव्हेंबर २०२० मध्ये मी माती खाल्ली. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाची आठ भक्तिगीतं, गायक पुण्यात. घाई होती म्हणून त्यांच्याकडे रेकॉर्ड न करता आलेली स्ट्रीमच थेट इकडे घेत होतो. सहाव्या गाण्याचा आलाप असा लागला की मी हेडफोन काढून देवाला हात जोडले, आणि परत ऐकतो तर ऐन पंचमावर पापणी लवण्याएवढी पोकळी. तिकडे नेट डचमळलं होतं. दुसऱ्या दिवशी गायकाचा घसा बसला. काम गेलं, ४० हजारांचा ॲडव्हान्स परत करावा लागला. चूक माझीच. पण "ते फोनवर रेकॉर्डिंग करतात" ही आवई विश्रामबागहून उठली, आणि दोन जुनी भजनी मंडळं त्या जिन्यानं वर चढली. त्यांचे हार्मोनियमवाले अजून मला बघून रस्ता बदलतात.

ताईंच्या कानावर गेलं. काही न विचारता त्यांनी पुढच्या बारा अभंगांचे पैसे आगाऊ पाठवले.

नवीन पोरं स्टुडिओ बघायला येतात, त्यांना मी सांगतो. स्ट्रीम ऐकायला असते, रेकॉर्डिंग गाणाऱ्याच्याच यंत्रात करायचं आणि फाइल नंतर मागवायची. वायफायवर बसू नका, केबल लावा. ठेका हेडफोनमधून माईकमध्ये गळतोय का ते पहिल्या ओळीलाच बघा. आणि गाळा घ्यायचा असेल तर वरच्या मजल्यावर घ्या. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा आम्ही जिन्यावर उभं राहून बघत होतो.

ताईंचं सेशन अजून शनिवारी सकाळी सातला असतं. त्यांच्याकडे तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. मास्तर त्या वेळी येऊन नुसते ऐकत बसतात, चहा होतो म्हणून.

गेल्या महिन्यात जुन्या भागीदाराचा फोन आला, पाच वर्षांनी. "अरे, दुबईहून एकाचा आवाज आलाय, ठेक्याच्या पुढंच पळतोय. पांढरी एकचा माणूस त्याच्या पुढच्या काळी एकच्याही वर गातोय." मी विचारलं, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) प्रोजेक्टचा किती आणि फाइलचा किती? प्रोजेक्ट ४८ हजार, फाइल ४४.१ हजार, आणि ती तशीच कन्व्हर्ट न करता वाजत होती. पावणेनऊ टक्के वेग वाढला, सूर जवळपास दीड पट्टी चढला. फाइल मागवून घेतली, दहा मिनिटांत सरळ करून दिली आणि बाराशे रुपयांचं बिल लावलं. अजून आलेले नाहीत.