ठसा येईना

बीएएमएसची साडेपाच वर्षं, वर सीएचओचा, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा, सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. आणि दिवसभर मी करते काय, तर लोकांची बोटं मशीनवर दाबते. आयुष्मान कार्डाचं टार्गेट आलं की आमच्या उपकेंद्राचं सेतू केंद्र होतं. पगार २५ हजार, वरचे १५ हजारांपर्यंत कामगिरीवर. आणि कामगिरी म्हणजे पोर्टलवरचा आकडा. रोग ओळखलात का, असं वरून कधी कुणी विचारलेलं नाही.

कापूस वेचणाऱ्या बायांचे ठसे येता येत नाहीत. ओल्या फडक्यानं बोट पुसा, दुसरं बोट बघा, पुन्हा पुसा. ओटीपी घ्यावा तर मोबाइल लेकाकडे, लेक पुण्यात.

त्या दिवशी एका मावशींची चार बोटं झाली. पाचवं धरलं तर पेरावर टम्म फोड. तो मला दिसेपर्यंत मी बोट काचेवर दाबलंही होतं. फोड फुटला, काचेवर पाणी आलं. मावशी मात्र आशाताईंशी बोलतच होत्या. हातसुद्धा मागं घेतला नाही.

"मावशी, हे कशानं?"

"तव्याचा बसला आसंल. कळलंच न्हाई बगा."

मशीन बाजूला सारलं. बाही वर केली. दंडावर फिकट चट्टा, खाली अजून दोन. डोळे मिटायला लावले, बॉलपेनचं टोक टेकवत गेले; लागलं की तिथं बोट ठेवायचं. चट्ट्याबाहेर बोट अचूक पडायचं. चट्ट्यावर टोक टेकवलं, की मावशी डोळे मिटून वाट बघत बसायच्या. कोपराच्या आतल्या खाचेत अल्नर नस सुतळीसारखी लागली. पुस्तकातली ही खूण हाताला पहिल्यांदाच लागत होती.

कुष्ठरोग. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तीन चट्टे, एक नस. सहा महिने एमडीटी, म्हणजे एकत्र औषधांचा कोर्स, गोळ्या फुकट. त्याच दुपारी तालुक्याहून फोन, "मॅडम, आज कार्डं एवढीच?" मला मात्र कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा डॉक्टर असल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी नोंद करायला ओपीडी रजिस्टर उघडलं. मावशींचं नाव आधीच होतं, दोनदा. आषाढात, मग पोळ्याच्या आठवड्यात. दोन्हीकडे माझंच अक्षर: नायटा, क्लोट्रिमॅझोल मलम. खाजतं का, एवढंही मी विचारलेलं दिसत नाही.

दोन्ही दिवशी रिपोर्टिंगची घाई होती, हे खरं. पण त्या दिवशी ओपीडीत पेशंट किती होते तेही त्याच पानावर आहे. एकदा आठ, एकदा सहा.