फेझची शुआरा टॅनरी: गच्चीवरून काय पाहावं, दुकानात चामडं कसं पारखावं

मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात चामडं कमावण्याच्या तीन जागा आहेत: शुआरा, सिदी मूसा आणि ऐन अझलितेन. शुआरा सगळ्यांत मोठी, फोटोंत दिसते ती हीच. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जावं. काम जोरात असतं, तिरक्या उन्हात हौदांचे रंग नीट दिसतात आणि वास अजून चढलेला नसतो. शुक्रवार टाळावा, त्या दिवशी बरंच काही बंद असतं. उन्हाळ्यातल्या भर दुपारी मी तरी कोणाला तिथे पाठवणार नाही.

बाब बू जलूद या निळ्या दरवाज्यातून आत शिरायचं आणि तालआ कबीराच्या उतारावरून करावीयीन मशिदीपर्यंत यायचं. तिथून तांबटांचा सफारीन चौक अगदी जवळ आणि चौकातून टॅनरी काही मिनिटांवर. एवढं चालणं नको असेल तर लाल टॅक्सीने थेट रसीफ चौकात उतरावं, पुढे थोडंच चालावं लागतं. गल्ल्यांत गाड्या येत नाहीत, पण मागून ‘बालक, बालक’ (म्हणजे ‘बाजूला व्हा’) अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. कातडी लादलेलं खेचर येत असतं आणि ते थांबत नाही. ‘रस्ता बंद आहे’, ‘आज खास बाजार आहे, चला दाखवतो’ असं सांगत कोणी ना कोणी सोबत चालू लागतंच. एकदाच ‘नको, शुक्रान’ (धन्यवाद) म्हणायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. थांबलात की तो तुमचा गाइड झाला!

टॅनरीला तिकीट नाही. हौदांभोवती चामड्याची दुकानं आहेत, त्यांच्या गच्च्यांवरून बघायचं. दारात पुदिन्याची काडी मिळते. ती नुसती हातात धरून उपयोग नाही, पानं चुरडून नाकाशी धरावी लागतात. गच्चीसाठी १० ते २० दिरहम दिले की झालं. खरेदी केलीच पाहिजे असं नाही, पण ते वर चढायच्या आधीच स्पष्ट सांगावं. खाली हौदांपर्यंत नेतो म्हणणारेही भेटतात. पैसे आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये, आणि चपला घालून तर मुळीच नाही. कडा बुळबुळीत असतात आणि चुन्याचं पाणी पायाला चावतं.

वर उभं राहिलं की नजर आधी रंगीत हौदांकडे जाते, पण पांढऱ्यांपासून सुरुवात करावी. खरी कारागिरी तिथेच आहे. मिठात टिकवलेली कातडी आधी धुतात, मग दोन-तीन दिवस चुन्यात ठेवतात. चुन्याने केसांची मुळं सुटतात आणि कातडं फुगतं. मग तिरक्या ओंडक्यावर ते पसरून दोन मुठींच्या वाकड्या सुरीने एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचं मांस, चरबी खरवडतात. सुरी चालवणाऱ्याचे हात बघण्यासारखे असतात: मधोमध जोर आणि पोटाच्या बाजूला आला की हात एकदम हलका, कारण तिथलं कातडं पातळ असतं आणि तिथेच भोक पडतं. चुन्यात जास्त दिवस राहिलं तर तंतू सैल पडतात आणि पुढे कितीही कमावलं तरी चामडं भुसभुशीत राहतं.

त्यानंतर कबुतरांच्या विष्ठेचा हौद. पर्यटक इथे नाक मुरडतात, पण मऊपणाचं गुपित याच हौदात आहे. विष्ठेतले जीवाणू आणि पाचकरस चुन्याने ताठरलेलं कातडं सैल करतात, तंतूंमधली नको असलेली प्रथिनं खातात. उष्णतेने हे काम भराभर होतं, म्हणून उन्हाळ्यात कातडी लवकर काढावी लागते. वेळ चुकली तर कातड्याचा लगदा होतो. हौदात उतरलेला माणूस पायाने कातडी तुडवत असतो तो सगळीकडे सारखा परिणाम व्हावा म्हणून.

पुढे टॅनिनचा, म्हणजे कातड्याचं टिकाऊ चामडं करणाऱ्या तुरट द्रव्याचा हौद. आपल्याकडे हिरडा आणि बाभळीची साल जे काम करते तेच इथे झाडांच्या साली आणि टॅमरिस्क नावाच्या झुडपाच्या गाठी करतात. सुरुवात पातळ काढ्याने करायची आणि तो टप्प्याटप्प्याने दाट करत जायचा. घाईने पहिल्याच दिवशी दाट काढा दिला तर वरचा थर आवळून बंद होतो, काढा आत मुरत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. दुकानात हे ओळखता येतं. चामड्याची कापलेली कड पाहा. मधोमध फिकी, शिंगासारखी रेघ दिसली तर ते नीट कमावलेलं नाही. कड करडी-निळसर असेल तर चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या रासायनिक क्षारांनी कमावलेलं आहे. ते वाईट असतं असं नाही, पण ‘शंभर टक्के पारंपरिक’ म्हणून त्याचे पैसे देऊ नयेत.

रंगांबद्दलचं पाठांतर सगळीकडे एकच: लाल खसखशीच्या फुलांचा, निळा निळीचा, नारिंगी मेंदीचा, हिरवा पुदिन्याचा, पिवळा केशराचा. यातली नीळ आणि मेंदी पटण्यासारखी आहे. पुदिन्याने पक्का हिरवा चढत नाही, तो निळीवर पिवळा चढवून मिळतो. खसखशीच्या फुलांचा लाल उन्हात उडतो. आणि केशराच्या भावात कोणी कातडी रंगवत बसणार नाही. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल मात्र खरी, तिच्यात टॅनिनही असतं. हा पिवळा हौदात चढवत नाहीत. कातडी पसरून हाताने चोळतात आणि वाळवतात, त्यामुळे गच्चीवरून पिवळा हौद शोधत बसू नये. आज बऱ्याच हौदांत रासायनिक रंग असतात, विचारलं तर काही दुकानदार सरळ कबूलही करतात. मला तोच दुकानदार बरा वाटतो.

घ्यायचंच असेल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या कोपऱ्यात दहा-पंधरा वेळा घासावा. निळा आणि लाल थोडा उतरतोच, पण रुमाल गडद झाला तर हलक्या रंगाच्या कपड्यांवर ती बॅग लटकवू नये. बकरीच्या चामड्यावर बारीक, दाट आणि उठावदार कण दिसतात. मेंढीचं अधिक मऊ पण सैल, सहज ओरखडतं. त्याचं जाकीट चालेल, रोजची बॅग नको. ‘उंटाचं’ म्हणून दाखवलेलं सगळं उंटाचं असेलच असं नाही. मुठीत चुरगळून सोडावं. सुरकुती तशीच राहिली किंवा वरचा रंग तडकला तर ठेवून द्यावं. पहिल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलायला हरकत नाही. जाकीट शिवून पोस्टाने पाठवतो म्हणाले तर मी नाही म्हणेन. माप चुकलं तर परत करायला जागा नाही.

पूफ म्हणजे बसायच्या गाद्या रिकाम्याच विकतात. घडी घालून सामानात सहज मावतात, आत भरायला घरातले जुने कपडे पुरतात. घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून लगेच काढून सावलीत, वाऱ्यावर टांगावं. उन्हात ठेवलं तर चामडं आखडून तडकतं. महिनाभरात वास बराच कमी होतो. राहिलाच तर आत कापडाच्या पुरचुंडीत खायचा सोडा ठेवावा. दमट हवेत बुरशी धरली तर कोरड्या फडक्याने पुसायची, ओल्या नाही.